बागेची लाईन बंद होताना पाईप ठोकतो: वॉटर हॅमर क्रमाने कसा शोधायचा

लक्षणं

वाहतं पाणी एकदम थांबल्याने पाईपला बसणारा ठोका म्हणजे वॉटर हॅमर. पण पाईपमधून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला ‘वॉटर हॅमर’ म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आवाज किती मोठा आहे ते सोडा, तो नेमका कधी येतो ते बघा.

– टायमरने झोन (एका व्हॉल्व्हवरचा बागेचा भाग) बंद केला, की त्याच क्षणी भिंतीत एक जोरदार ठोका. मागोमाग विरत जाणारे दोन-तीन. हा खरा वॉटर हॅमर.
– झोन सुरू होताना धडधड, स्प्रिंकलरमधून फुसफुस, मग पाणी. लाईनमध्ये हवा आहे.
– व्हॉल्व्ह उघडाच आहे, मोटर बंद झाली आणि अर्ध्या-एका सेकंदाने धाडकन आवाज. एनआरव्हीकडे (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेकडे) बघा.
– बाग बंद असतानाही थांबून थांबून टर्रर्र आवाज. कुठला तरी फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह) थरथरतोय.
– पाणी चालूच नाही, पण संध्याकाळी भिंतीवरच्या पाईपमधून कट-कट. दिवसभर तापलेला पाईप आकसतोय. याचा वॉटर हॅमरशी संबंध नाही.
– आवाज काहीच नाही, पण तोच एल्बो वर्षातून दुसऱ्यांदा गळतोय, लॅटरलचे (ड्रिपच्या नळीचे) ग्रोमेट, म्हणजे जोडावरचे रबर, उडतात, बारीक मायक्रोट्यूब निसटते.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. जीआय (जस्ताचा लेप दिलेली लोखंडी) लाईन ओरडते, पीव्हीसी (प्लास्टिकची) मुकाट्याने तुटते. आवाज नाही म्हणून मार बसत नाही, असं समजू नका.

ठोका बसतो कशाने

पाऊण इंची पाईप ३० मीटर धरा. त्यात साधारण साडेनऊ लिटर, म्हणजे साडेनऊ किलो पाणी असतं. ते सेकंदाला २ मीटरने धावत असताना व्हॉल्व्ह एकदम मिटला, तर साडेनऊ किलोचा दांडा पळत येऊन बंद दारावर आपटल्यासारखं होतं. वेगातल्या प्रत्येक १ मीटर प्रति सेकंदामागे पीव्हीसीत अंदाजे ४ किलो (चौरस सेंटिमीटरला) आणि जीआयमध्ये अंदाजे १३ किलो दाब वर चढतो. हा आधीच्या दाबात भर पडणारा आकडा आहे. म्हणजे लाईनमध्ये ३ किलो असेल आणि पाणी २ मीटरने धावत असेल, तर सहा किलोचा म्हणून घेतलेला पाईप क्षणभर ११ किलो सोसतो. रोज सकाळ-संध्याकाळ.

यातली मेख बंद होण्याच्या वेळेत आहे. दाबाची लाट पाईपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला ३० मीटरच्या पीव्हीसीत सुमारे ०.१५ सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह मिटला तर पूर्ण मार बसतो. तेच पाणी दीड सेकंदात एकसारखं मंदावत थांबलं, तर मार साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून खालचे सगळे उपाय दोनच गोष्टींभोवती फिरतात: पाणी हळू थांबवा, नाहीतर मुळातच हळू वाहू द्या. दुकानात जाऊन सरळ अरेस्टर (ठोका शोषून घेणारं छोटं उपकरण) विकत आणणं ही बहुतेकांची पहिली पायरी असते. ती असायला हवी शेवटून दुसरी.

फुकटातली तपासणी: हाताने बंद करून बघा

टायमर मॅन्युअलवर टाका, झोन चालू करा आणि व्हॉल्व्हच्या आधीचा हातचा कॉक हळूहळू मिटवा. पूर्ण पाच-सात सेकंद घ्या. बॉल व्हॉल्व्ह असेल तर शेवटचा पाव भाग सर्वात सावकाश, कारण पाणी खऱ्या अर्थाने तिथेच अडतं. पहिल्या अर्ध्या फिरवणीत प्रवाह फारसा कमी होत नाही. असं केल्यावर आवाज आला नाही, आणि टायमरने बंद केल्यावर आला, तर निदान झालं. पाईप फोडायची, भिंत खोदायची गरज नाही.

टायमरने बंद करताना दुसऱ्या माणसाला पाईपवर हात ठेवून उभं करा. ठोका सगळ्यात जोरात जिथे लागतो तिथे क्लॅम्प सुटलेला असतो किंवा एल्बो मोकळा असतो. ती जागा खडूने खूण करून ठेवा, पुढे लागेल.

बागेला टायमर नसेल, हातानेच पाणी देत असाल आणि ठोका बॉल व्हॉल्व्हमुळे बसत असेल, तर तो काढून गेट व्हॉल्व्ह बसवा. त्याला पाच-सहा फेरे द्यावेच लागतात. घाईत असलेला माणूसही तो झटकन मिटवू शकत नाही. घरात लहान मुलं किंवा रोज बदलणारे माळी असतील तर हाच उत्तम.

उन्हाळ्यात आधी कूलर बघा

नागपुरात एप्रिल-मे-जूनमध्ये अचानक सुरू झालेली टर्रर्र बहुतेक वेळा बागेची नसतेच. कूलर भरायला बागेच्याच नळावरून अर्धा इंची नळी नेलेली असते आणि तिच्या टोकाला फ्लोट. टाकी भरत आली की फ्लोट जवळजवळ मिटतो. वरून पॅडचं पाणी टपटपत असतं, त्यामुळे टाकीतलं पाणी हलतं आणि प्रत्येक लाटेबरोबर फ्लोट किंचित उघडतो, किंचित मिटतो. प्रत्येक मिटण्याला एक छोटा ठोका, आणि त्या ठोक्याच्या धक्क्याने फ्लोट पुन्हा हलतो. पाईपला पाय फुटल्यासारखा हा आवाज थेट गच्चीपर्यंत पोहोचतो.

कूलरच्या नळीचा कॉक दहा मिनिटं बंद ठेवा. आवाज थांबला तर कॉक पाव भागच उघडा ठेवा. कूलर भरायला जास्त वेळ लागेल, एवढंच. तेवढ्याने भागलं नाही तर फ्लोट पाणी पडतं त्या बाजूपासून दूर, विरुद्ध कोपऱ्यात लावा, किंवा तळ कापलेली प्लास्टिकची बाटली फ्लोटभोवती आडोसा म्हणून उभी करा. गच्चीवरच्या टाकीच्या फ्लोटलाही हाच नियम.

टायमरचं सेटिंग

यातही खर्च शून्य, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. दोन-तीन झोन असतील तर एक पूर्ण बंद होऊन मग दुसरा सुरू, असं लावू नका. पुढचा झोन पाच-दहा सेकंद आधी उघडू द्या, म्हणजे मेन लाईनमधलं पाणी कधीच एकदम उभं राहत नाही, फक्त वाट बदलतं. काही कंट्रोलरमध्ये याची सोय असते. नसेल आणि प्रत्येक झोनला वेगळा टायमर असेल तर वेळा एक मिनिट एकमेकांवर चढवा.

झोनचा क्रमही बदला. लॉनचा स्प्रिंकलर आधी, कुंड्यांचं ड्रिप शेवटी. शेवटचा झोन मिटतो तेव्हा मेनमधलं सगळं पाणी थांबतं, त्यामुळे तो झोन कमीत कमी पाणी ओढणारा असावा. हिशेब बघा: ताशी ४ लिटरचे १०० ड्रिपर म्हणजे मिनिटाला जेमतेम साडेसहा-सात लिटर. अर्धवर्तुळ फिरणारे, मिनिटाला ७ लिटर टाकणारे सहा स्प्रिंकलर म्हणजे ४२ लिटर. दोन्हींचा ठोका सारखा कसा असेल?

पंपही टायमरवर असेल आणि तो बागेलाच पाणी देत असेल, तर पंप आधी थांबवा आणि व्हॉल्व्ह दहा-पंधरा सेकंदांनी. याच्या उलट क्रम लागलेला असेल तर पंप बंद दारावर पाणी ढकलत राहतो.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह

सोलेनॉइड म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर विजेने उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह. त्याच्यावरचा, पाण्याची दिशा दाखवणारा बाण आधी बघा. उलटा बसवलेला डायफ्रामचा (आत रबरी पडदा असलेला) व्हॉल्व्ह एक तर नीट मिटत नाही, नाहीतर झटक्यात आपटतो. बाण बरोबर असेल तर वरची फ्लो कंट्रोलची मूठ अर्धा-अर्धा फेरा आत घ्या. प्रत्येक वेळी स्प्रिंकलरचा फवारा टोकापर्यंत पोहोचतोय ना ते बघा; फवारा आखडायला लागला की अर्धा फेरा मागे. यात पाण्याचा वेग उतरतो, ठोकाही त्याच प्रमाणात उतरतो.

बोअरच्या पाण्यातले क्षार डायफ्रामच्या बारीक छिद्रात बसतात. छिद्र बुजलं तर झोन मिटायला वेळ लागतो किंवा मिटतच नाही. मेन कॉक बंद करून वरचे स्क्रू सोडा, डायफ्राम पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, साध्या पाण्याने धुवा. छिद्रात टाचणी घालू नका. छिद्र रुंद झालं की मिटण्याचा वेग बिघडतो आणि मग नवीन डायफ्रामशिवाय इलाज नाही.

ऑनलाईन मिळणारे अर्धा इंची, १२ व्होल्टचे प्लास्टिकचे स्वस्त सोलेनॉइड (वॉशिंग मशीनमध्ये असतात तसे) घरगुती जुगाडात सर्रास वापरले जातात. ते डोळ्याचं पातं लवतं तसे मिटतात आणि त्यांना फ्लो कंट्रोल नसतो. कुंडीभर ड्रिपला चालतील. लॉनच्या लाईनला नकोत. त्याऐवजी मोटरने बॉल फिरवणारा टायमर घ्या. तो मिटायला काही सेकंद घेतो, शिवाय टाकीच्या कमी दाबावरही चालतो, जिथे डायफ्रामचे व्हॉल्व्ह अडून बसतात.

क्लॅम्प आणि जमीन

आता खडूच्या खुणेकडे या. क्लॅम्पने हॅमर जात नाही. पाईप आपटायचा थांबतो आणि जॉइंट वाचतात. अर्धा ते एक इंची पाईपला दर दोन-तीन फुटांवर क्लॅम्प, आणि एल्बो व व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना हमखास एकेक. पण आवळून टाकू नका. पीव्हीसी १० मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाला जवळपास २ सेंटिमीटर वाढतो. पश्चिमेच्या भिंतीवरचा पाईप मे महिन्यात पहाटे आणि दुपारी चार वाजता सारखाच लांब नसतो. क्लॅम्पमध्ये पाईप सरकायला जागा हवी, उडायला नको. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला की दोन्ही साधतं.

जमिनीखालच्या लाईनला काळ्या मातीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि दोन्ही वेळा पाईप जागेवरून हलतो. हललेल्या जॉइंटला हॅमरचा छोटा ठोकाही पुरतो. नागपूरच्या बेसा, मनीषनगरकडे नवीन बंगल्यांच्या बागा करताना पाईप बहुधा तसाच काळ्या मातीत दाबलेला असतो. किमान दीड फूट खोल चर, खाली-वर तीन-चार इंच वाळू, आणि लाईन जिथे वळते तिथे एल्बोच्या पाठीला विटेचा किंवा काँक्रीटचा टेका. टेका एल्बोच्या पाठीमागे. जॉइंटवर काँक्रीट ओतलं तर पुढच्या वेळी तो उघडताच येणार नाही.

उन्हातल्या पाईपची ताकदही उतरते. पाईपवर छापलेला दाब २७ अंशांना धरलेला असतो. पाईप ५० अंशांच्या आसपास तापला की तो निम्म्यावर येतो. म्हणजे मे महिन्यात भिंतीवरचा सहा किलोचा पाईप खरा तीन किलोचा. जिथे सावली नाही तिथे दहा किलोचा घ्या आणि त्यावर पांढरा रंग मारा.

हवा

उतारावरच्या बागेत झोन बंद झाल्यावर लाईनमधलं पाणी सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून गळून जातं आणि वरून हवा आत शिरते. पुढच्या वेळी पाणी रिकाम्या पाईपमधून सुसाट धावतं आणि टोकाच्या कॅपवर आपटतं. सुरू होतानाचा ठोका तो हाच. सबमेनच्या (व्हॉल्व्हनंतर झोनला पाणी नेणाऱ्या पाईपच्या) सगळ्यात उंच जागी पाऊण किंवा एक इंची एअर व्हॉल्व्ह बसवा. हवा आत-बाहेर तिथून होईल, आणि ड्रिपर चिखल आत ओढणार नाहीत हा फायदा वेगळाच. एअर व्हॉल्व्ह येईपर्यंत मेन कॉक अर्धाच उघडून लाईन भरू द्या.

दाब आणि वेग मोजा

ग्लिसरीन भरलेला, ० ते ७ किलोचा गेज व्हॉल्व्हच्या आधी टी टाकून बसवा. पाणी बंद असताना आणि झोन चालू असताना, दोन्ही आकडे लिहून ठेवा. ड्रिपला १ किलो पुरतो, पॉप-अप स्प्रिंकलरला २ ते ३. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीला १ किलो देते, त्यामुळे नुसत्या टाकीवर चालणाऱ्या बागेत दाब फार नसतोच. बंद असताना ४ किलोच्या वर गेज दिसला तर पंपाचं सेटिंग किंवा प्रेशर रेग्युलेटर बघायला हवा. मात्र ठोक्याचा खरा शिखर-आकडा गेज दाखवत नाही. काटा तितका चपळ नसतो. काटा उडी मारतो का, एवढंच बघा.

वेगासाठी २० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ. झोनला जितकं पाणी जातं तितकंच त्याच पाईपातून बादलीत सोडा. वेग दीड मीटरच्या आत हवा. अर्धा इंची पाईपातून बादली ७५ सेकंदांपेक्षा लवकर भरली, पाऊण इंचीतून ४२ पेक्षा लवकर, किंवा एक इंचीतून २७ पेक्षा लवकर, तर त्या झोनला तो पाईप अपुरा आहे. मघाचे सहा स्प्रिंकलर पाऊण इंचीवर लावले तर वेग सव्वादोन मीटरवर जातो. असा झोन दोन भागांत तोडा, तीन-तीनचे. पाईप बदलण्यापेक्षा एक जादा व्हॉल्व्ह स्वस्त पडतो.

प्रेशर टाकी, एअर चेंबर, अरेस्टर

ऑटो पंपासोबत लाल किंवा निळी प्रेशर टाकी असेल तर नवीन काही घेण्याआधी तिची हवा तपासा. पंपाची वीज बंद, लाईनमधलं पाणी पूर्ण सोडलेलं, मग टाकीच्या वरच्या टोकाचं प्लास्टिकचं झाकण काढा. आत गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो आणि टायरचाच गेज चालतो. पंप १.५ किलोला, म्हणजे २१ पीएसआयला सुरू होत असेल तर टाकीत १९ पीएसआय हवा हवी. सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा दोन कमी. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर आतला फुगा फाटला आहे. टाकी मग नुसता पाण्याचा डबा राहते, आणि ड्रिप चालू असताना पंप दर काही सेकंदांना चालू-बंद होतो.

एअर चेंबर म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे टी टाकून उभा केलेला, वरून कॅप लावलेला दीड फुटी पाईप, शक्यतो एक साईज मोठा. आतली हवा उशीसारखी दबते. पण ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांत चेंबर पाण्याने भरून निकामी होतो. म्हणून चेंबरच्या आधी एक कॉक आणि तळाशी छोटी तोटी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी कॉक मिटवून चेंबर रिकामा करायचा. हे कोणी करत नाही. नियमाने करणार नसाल तर पिस्टनचा अरेस्टर घ्या. तो त्रास देणाऱ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, दोन-तीन फुटांच्या आत लावा. पंपाजवळ लावलेला अरेस्टर बागेच्या टोकाच्या व्हॉल्व्हला कामाचा नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नवीन जॉइंट पहाटे करा. दुपारच्या उन्हात सोल्यूशन पाईप घालण्याआधीच सुकतं आणि जॉइंट वरून पक्का, आतून कोरडा राहतो. पाणी चोवीस तासांनी सोडा. गळणाऱ्या जॉइंटवर एम-सील थापून हॅमरची लाईन टिकत नाही.

मोटर थांबताना धाडकन

झडपेचा साधा एनआरव्ही असेल तर पाणी उलटं फिरून झडपेला आपटतं. त्याजागी स्प्रिंगचा बसवा. पाणी उलटं वळण्याआधीच तो मिटतो. हे वर दिसणाऱ्या एनआरव्हीपुरतं ठीक. बोअरच्या मोटरला आतही एक एनआरव्ही असतो. तो गळका आणि वरचा घट्ट असला, की मधलं पाणी खाली उतरतं, वर पोकळी राहते, आणि मोटर सुरू होताना पाणी त्या पोकळीतून जाऊन वरच्या झडपेवर आपटतं. सुरू होतानाचा ठोका एअर व्हॉल्व्ह लावूनही गेला नाही तर संशय इथे घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बोअरची मोटर वर काढणं घरी करायचं काम नाही. शे-दोनशे फूट पाईप आणि मोटर हातून सुटली तर बोअर गमावला. पंपाची वायरिंग, स्टार्टर, ओला झालेला टायमर यांना इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नका. पाईपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करूनच पुढचं बोला. महापालिकेच्या लाईनपासून मीटरपर्यंतचा पाईप तुमचा नाही. ठोका तिथून येत असेल तर तक्रार नोंदवा. नळाच्या कनेक्शनवर थेट टिल्लू पंप लावून बाग भिजवत असाल तर तो आधी काढा. त्याला मनाई आहे, तो बंद होतानाचा ठोका शेजाऱ्याच्या लाईनलाही जातो, आणि चालू असताना फुटक्या जॉइंटमधून गटाराचं पाणी आत ओढू शकतो.

भिंतीवर ओल पसरत असेल, सगळे नळ बंद असूनही मीटर फिरत असेल, किंवा नवा केलेला जॉइंट त्याच जागी पुन्हा फुटला असेल, तर प्लंबर बोलवा. त्याला ‘पाईप वाजतो’ एवढंच सांगू नका. ठोका चालू होताना येतो की बंद होताना, गेजचे दोन्ही आकडे, बादली भरायला लागलेले सेकंद, आणि पाईपचा साईज व त्यावर छापलेले किलो, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या. भिंत फोडायच्या आधी त्याने ते वाचलं पाहिजे.